ऐतिहासिक भूविज्ञान

पृथ्वीच्या उत्पत्तीपासून आजपर्यंत तिचे कवच, पृष्ठभाग, महासागर, वातावरण आणि जीवसृष्टी यांच्यात कोणते बदल झाले व ते कोणत्या क्रमाने झाले, यांचा अभ्यास करणारी भूविज्ञानाची शाखा. भौतिक भूविज्ञानात पृथ्वीची घडण आणि तिच्यावर कार्य करणाऱ्या प्रक्रिया यांचा विचार होतो. ऐतिहासिक भूविज्ञानात त्याच प्रक्रियांना काळाची जोड दिली जाते. स्तरविज्ञान (थरांचा क्रम व परस्परसंबंध यांचा अभ्यास), पुराजीवविज्ञान (जीवाश्मांचा म्हणजे गतकालीन जीवांच्या अवशेषांचा अभ्यास) आणि भूकालगणना (खडकांची वये ठरविण्याचे शास्त्र) या तीन शाखांवर ही शाखा मुख्यतः उभी आहे. मानवी इतिहासकाराला ताम्रपट, नाणी, बखरी व दप्तरे यांचा आधार असतो. भूवैज्ञानिकाची साधने म्हणजे खडक, खनिजे व जीवाश्म होत. ही साधने अपुरी असतात आणि त्यांचा बराच मोठा भाग झिजेमुळे कायमचा नष्ट झालेला असतो. म्हणून उपलब्ध पुराव्याइतकेच हरवलेल्या पुराव्याचे भान ठेवणे या शास्त्रात अगत्याचे असते.

मूलतत्त्वे : डॅनिश वैद्य व निसर्गाभ्यासक निकोलस स्टेनो (१६३८–८६) यांनी इटलीतील टस्कनी प्रांतात केलेल्या निरीक्षणांवरून १६६९ मध्ये थरांविषयीची काही तत्त्वे मांडली. गाळाचे थर साचताना ते जवळजवळ आडवे साचतात आणि त्यांची मांडणी नंतर बिघडली नसेल, तर खालचा थर आधीचा व वरचा नंतरचा असतो, ही त्यांपैकी प्रमुख तत्त्वे होत. आज ती स्वयंसिद्ध वाटतात. परंतु खडकातील ‘खाली-वर’ या स्थानभेदाचे ‘आधी-नंतर’ अशा कालभेदात रूपांतर प्रथम त्यांमुळेच करता आले. हे तत्त्व लाव्ह्याच्या थरांनाही लागू पडते. सह्याद्रीच्या कड्यांवर एकावर एक रचलेले काळ्या पाषाणाचे (बेसाल्टाचे) पायऱ्यांसारखे थर दिसतात. त्यांपैकी प्रत्येक थर त्याच्या खालील थराहून नवीन आहे. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या, मातीसारख्या पदार्थाचा पातळ पट्टा आढळतो. खालचा लाव्हा थिजल्यावर व वरचा येण्यापूर्वी बराच काळ गेला आणि त्या अवधीत खडकाचा पृष्ठभाग कुजला, असा त्याचा अर्थ होतो.

एखादा खडक दुसऱ्या खडकाला भेदून गेला असेल, तर भेदणारा खडक नंतरचा असतो, हे दुसरे महत्त्वाचे तत्त्व. धुळे व नंदुरबार जिल्ह्यांत लाव्ह्याच्या आडव्या थरांना छेदून उभ्या, भिंतींसारख्या शिलाराशी गेलेल्या दिसतात. त्यांना भित्ती म्हणतात. त्या ज्या थरांत घुसल्या आहेत त्या थरांहून अर्थातच त्या नवीन आहेत. त्याचप्रमाणे एखाद्या खडकात दुसऱ्या खडकाचे गोटे वा तुकडे अडकलेले असतील, तर ते तुकडे ज्या खडकाचे आहेत तो खडक आधीचा असतो.

दूरदूरच्या प्रदेशांतील थरांचा मेळ घालण्याचा मार्ग इंग्लंडमधील कालव्यांचे मोजणीदार विल्यम स्मिथ (१७६९–१८३९) यांनी दाखविला. कालव्यांसाठी झालेल्या खोदकामात प्रत्येक थरसमूहात विशिष्ट जीवाश्म आढळतात आणि त्यांचा क्रम सर्वत्र सारखाच असतो, असे त्यांना दिसून आले. या आधारावर त्यांनी १८१५ मध्ये इंग्लंड, वेल्स व स्कॉटलंडचा काही भाग यांचा भूवैज्ञानिक नकाशा प्रसिद्ध केला. त्याच सुमारास फ्रान्समध्ये झॉर्झ क्यूव्ह्ये (१७६९–१८३२) यांनी पॅरिसच्या परिसरातील थरांचा अभ्यास केला आणि प्राण्यांच्या कित्येक जाती पृथ्वीवरून पूर्णपणे नाहीशा झाल्या आहेत, हे सिद्ध केले. थोड्याच काळात पण जगभर विस्तृत प्रदेशांत पसरलेल्या जीवांचे अवशेष कालनिश्चितीस विशेष उपयोगी पडतात. त्यांना सूचक जीवाश्म म्हणतात.

विसंगती : गाळ साचण्याचे थांबून पृष्ठभागाची झीज झाली आणि नंतर त्यावर पुन्हा नवे थर साचले, तर दोहोंमधील झिजलेल्या पृष्ठास विसंगती म्हणतात. विसंगती म्हणजे पृथ्वीच्या इतिहासातील नोंद नसलेला कालखंड होय. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स हटन (१७२६–९७) यांनी १७८८ मध्ये सिकार पॉइंट या समुद्रकिनाऱ्यावरील ठिकाणी असा पृष्ठ पाहिला. तेथे जवळजवळ उभ्या झालेल्या जुन्या थरांच्या झिजलेल्या कडांवर तांबड्या वालुकाश्माचे मंद उताराचे थर विसावले आहेत. जुने थर समुद्रतळाशी साचणे, त्यांचा खडक होणे, ते उभे होऊन वर उचलले जाणे, त्यांची झीज होणे आणि त्यांवर पुन्हा गाळ साचणे, या सर्व घटनांना किती अवधी लागला असेल याचा विचार केल्यावर, पृथ्वीचे वय काही हजार वर्षे मानण्याची तत्कालीन कल्पना टिकणारी नव्हती.

महाराष्ट्रातील अशी एक विसंगती जमिनीखाली दडलेली आहे. कोयना भागातील भूकंपांच्या अभ्यासासाठी पाडलेल्या खोल छिद्रांपैकी रासाटी येथील छिद्रात सु. ९३० मी. जाडीचा बेसाल्ट संपताच ग्रॅनाइट व पट्टिताश्म (नाइस) हे खडक लागले. वरचा बेसाल्ट सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीचा, तर खालचे खडक २५० कोटी वर्षांहून अधिक जुने आहेत. या दोहोंमध्ये गाळाचा एकही थर नाही. म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून अधिक आयुष्याची नोंद तेथे एका पृष्ठात गडप झाली आहे. ती तेथे कधी झालीच नाही, की होऊन झिजेत नष्ट झाली, हे केवळ त्या जागेवरून सांगता येत नाही. त्यासाठी आसपासच्या प्रदेशांतील थरांचा आधार घ्यावा लागतो.

एकरूपतावाद व उत्पातवाद : आज ज्या प्रक्रिया चालू आहेत त्याच पूर्वीही चालू होत्या आणि दीर्घकाळ लाभल्यास त्यांच्यामुळे मोठे बदल घडू शकतात, या हटन यांच्या विचाराला चार्ल्स लायेल (१७९७–१८७५) यांनी १८३०–३३ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात व्यवस्थित रूप दिले. या मताला एकरूपतावाद म्हणतात. याउलट पृथ्वीवर वेळोवेळी आकस्मिक व प्रचंड उलथापालथी झाल्या, असे क्यूव्ह्ये व त्यांचे अनुयायी मानीत. त्यांच्या मतास उत्पातवाद हे नाव आहे. एकोणिसाव्या शतकात एकरूपतावादाची सरशी झाली. मात्र निसर्गनियम कायम असतात यावरून घटनांचा वेगही नेहमी सारखाच असतो, असे निष्पन्न होत नाही. अशनी आदळणे, महापूर, लाव्ह्याचे प्रचंड उद्रेक या घटना विरळ असल्या, तरी नैसर्गिकच आहेत. बुलढाणा जिल्ह्यातील सु. १·८ किमी. व्यासाचे लोणारचे विवर बेसाल्टावर अशनी आदळून क्षणार्धात निर्माण झाले. ते भरून येण्याची क्रिया मात्र लाखो वर्षे संथपणे चालू आहे. अशा प्रकारे दोन्ही मतांतील ग्राह्य भाग आधुनिक भूविज्ञानात सामावलेला आहे.

पृथ्वीचे वय : थरांच्या क्रमावरून सापेक्ष वय कळते, वर्षांत मोजलेले वय कळत नाही. भौतिकीविज्ञ लॉर्ड केल्व्हिन (१८२४–१९०७) यांनी तप्त गोळा निवण्यास लागणाऱ्या काळाच्या गणितावरून १८६२ मध्ये पृथ्वीचे वय २ कोटी ते ४० कोटी वर्षांच्या दरम्यान असावे, असे अनुमान काढले व पुढे ते कमी करीत २ कोटी ते ४ कोटींपर्यंत आणले. थरांची जाडी आणि जीवांचा क्रमविकास यांना एवढा काळ अपुरा पडत होता. परंतु केल्व्हिन यांचे गणित खोडून काढण्याचे साधन भूवैज्ञानिकांजवळ नव्हते. त्यांचे पूर्वीचे साहाय्यक जॉन पेरी यांनी १८९५ मध्ये या गणितातील गृहीतावरच बोट ठेवले. पृथ्वीच्या अंतर्भागातील द्रव्य मंदपणे हालत असेल, तर खोलवरील उष्णता सतत वर येत राहील आणि काढलेले वय अनेक पटींनी वाढेल, असे त्यांनी दाखविले. १८९६ मध्ये किरणोत्सर्गाचा शोध लागल्यावर पृथ्वीच्या अंतर्भागात उष्णतेचा स्वतंत्र उगम असल्याचे समजले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे वय मोजण्याचे एक घड्याळच शास्त्रज्ञांच्या हाती आले.

किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे अणू ठराविक गतीने फुटून दुसऱ्या मूलद्रव्यात बदलतात. मूळ अणूंपैकी निम्मे अणू अशा रीतीने बदलण्यास लागणाऱ्या काळास अर्धायुष्य म्हणतात. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सु. ४४७ कोटी वर्षे, युरेनियम-२३५ चे सु. ७० कोटी वर्षे, पोटॅशियम-४० चे सु. १२५ कोटी वर्षे आणि कार्बन-१४ चे सु. ५,७३० वर्षे आहे. खनिजातील मूळ व उत्पन्न अणूंच्या प्रमाणावरून ते खनिज स्फटिकरूप होऊन किती काळ लोटला, हे काढता येते. या तत्त्वावर बर्ट्रम बोल्टवुड यांनी १९०७ मध्ये व आर्थर होम्स (१८९०–१९६५) यांनी १९११ मध्ये खनिजांची वये काढली आणि ती कोट्यवधी वर्षांची भरली. १९५६ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी अशनींतील शिशाच्या समस्थानिकांवरून (अणुक्रमांक तोच पण अणुभार भिन्न असलेल्या प्रकारांवरून) पृथ्वीचे वय सु. ४५५ कोटी वर्षे ठरविले. ते अद्यापि मान्य आहे.

हे घड्याळ निर्दोष चालण्यासाठी खनिजातून मूळ वा उत्पन्न अणू बाहेर गेलेले नसावेत व बाहेरून आत आलेले नसावेत, ही अट असते. खडक कुजला वा पुन्हा तापला, तर त्यातील आर्गॉन वायू निसटतो आणि वय खोटे भरते. म्हणून एकाच खडकाचे वय शक्य तेथे निरनिराळ्या पद्धतींनी ताडून पाहतात. लोणार विवराचे वय तापदीप्ती पद्धतीने सु. ५० हजार वर्षे आले होते. पुढे आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते सु. ५·७ लाख वर्षे असल्याचे आढळले. पुणे जिल्ह्यात कुकडी नदीकाठच्या बोरी येथे अश्मयुगीन हत्यारांबरोबर ज्वालामुखी राखेचा थर मिळाला आहे. त्याची सुचविली गेलेली वये सु. ७५ हजार वर्षांपासून सु. १४ लाख वर्षांपर्यंत वेगवेगळी आहेत. येथील आदिमानवाच्या वस्तीची प्राचीनता या वयावर अवलंबून असल्याने हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही.

पृथ्वीच्या इतिहासाची रूपरेषा : कँब्रियन कल्पाच्या प्रारंभापूर्वीच्या, म्हणजे सु. ५३·९ कोटी वर्षांपूर्वीच्या काळास कँब्रियनपूर्व काळ म्हणतात. पृथ्वीच्या आयुष्याचा जवळजवळ आठ-नवमांश भाग यात मोडतो. पश्चिम ऑस्ट्रेलियातील झिर्कॉन खनिजाचे काही कण सु. ४४० कोटी वर्षांचे असून ते पृथ्वीवरील ज्ञात खनिजांत सर्वांत जुने आहेत. सु. ३५० कोटी वर्षांपूर्वी सूक्ष्मजीवांचे अस्तित्व असल्याचे पुरावे मिळतात. सु. २४० कोटी वर्षांपूर्वी वातावरणात मुक्त ऑक्सिजन साठू लागला. त्या आधीच्या व त्या सुमाराच्या समुद्रांत लोहाचे व सिलिकेचे पट्टेदार थर साचले. गोव्यातील लोहखनिजाचे साठे अशाच पट्टेदार खडकांपासून झालेले आहेत. नागपूर व भंडारा भागांतील मँगॅनिजाचे साठे, यवतमाळ व चंद्रपूर भागांतील पैनगंगा चुनखडक आणि कोल्हापूर परिसरातील कलादगी थर हे कँब्रियनपूर्व काळाच्या उत्तरार्धातील आहेत.

पुराजीव महाकल्पात (सु. ५३·९ ते २५·२ कोटी वर्षांपूर्वी) समुद्रात कवचधारी प्राणी विपुल झाले, वनस्पती व प्राणी जमिनीवर आले आणि दगडी कोळशाची अरण्ये वाढली. भारतीय द्वीपकल्पाच्या बहुतेक भागांत या महाकल्पाच्या पूर्वार्धाचे थर आढळत नाहीत; हिमालयातील स्पिती खोऱ्यात मात्र ते चांगले आहेत. महाकल्पाच्या उत्तरार्धात दक्षिणेकडील भूखंडांवर हिमनद्या पसरल्या होत्या. चंद्रपूर जिल्ह्यातील इरई येथे हिमाने घासलेला व ओरखडलेला चुनखडक आणि त्यावर हिमनदीने आणलेल्या गोट्यांचा थर आढळला आहे. आज जेथे उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या वर जातो, तेथे एके काळी बर्फ होते, ही गोष्ट या एका पुराव्यावरून कळते. हिम वितळल्यावर दलदलीच्या सखल भागांत ग्लॉसोप्टेरिस व इतर वनस्पतींचे अवशेष साचून वर्धा खोरे, उमरेड व कामठी येथील कोळसा तयार झाला. महाकल्पाच्या अखेरीस सागरी जातींपैकी फार मोठा हिस्सा नष्ट झाला. हा ज्ञात विलोपांपैकी सर्वांत मोठा विलोप असून सायबीरियातील लाव्ह्याचे उद्रेक हे त्याचे मुख्य कारण मानतात.

मध्यजीव महाकल्पात (सु. २५·२ ते ६·६ कोटी वर्षांपूर्वी) सरीसृपांचे प्राबल्य होते. प्राणहिता–गोदावरी खोऱ्यातील कोटा शैलसमूहात बारापासॉरस या प्रचंड शाकाहारी डायनोसॉराचे सांगाडे मिळाले, तर चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लामेटा थरांत नंतरच्या काळातील डायनोसॉरांची हाडे मिळतात. नवजीव महाकल्पात (सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीपासून आतापर्यंत) सस्तन प्राण्यांचा विकास झाला, हिमालय उंचावला आणि अखेरच्या सु. २६ लाख वर्षांत हिमयुगांची आवर्तने झाली. नर्मदेच्या खोऱ्यात हथनोरा येथे १९८२ मध्ये मिळालेली मानवी कवटी याच शेवटच्या भागातील आहे.

भूखंडांची हालचाल : वरील घटनांचे परस्परसंबंध बराच काळ उमगले नव्हते. भारत, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया व दक्षिण अमेरिका येथे सारखेच हिमानी थर व सारख्याच वनस्पतींचे जीवाश्म का सापडावेत, हा मोठा प्रश्न होता. गोंडांच्या राज्यावरून मध्य भारतातील थरांना दिलेले ‘गोंडवन’ हे नाव ऑस्ट्रियन भूवैज्ञानिक एडुआर्ट झ्यूस यांनी १८८५ मध्ये या सर्व भूभागांच्या कल्पित प्राचीन खंडास दिले. ही खंडे एकमेकांपासून सरकत दूर गेली, असे आल्फ्रेट व्हेगेनर (१८८०–१९३०) यांनी १९१२ मध्ये प्रतिपादिले. परंतु खंडे सरकविणारे बल कोणते, हे त्यांना समाधानकारकपणे सांगता न आल्याने बहुतेकांनी ते मत नाकारले. १९६० नंतरच्या दशकात महासागरतळाच्या चुंबकीय मोजणीमुळे तळ पसरत असल्याचे सिद्ध झाले आणि भूपट्ट सांरचनिकी या नावाने तो विचार प्रस्थापित झाला. गोंडवनातून सुटलेला भारताचा भूपट्ट उत्तरेकडे सरकत जाऊन सु. ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाच्या भूपट्टाला भिडला. हिमालय हे त्या टकरीचे फलित होय. टक्कर अजून संपलेली नाही.

दक्षिण ट्रॅपचे वय : ऐतिहासिक भूविज्ञानातील निरनिराळ्या पद्धती एकमेकींना कशा पूरक ठरतात, हे दक्षिण ट्रॅपच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. बेसाल्टाच्या या थरांनी आज सु. ५ लाख चौ. किमी. क्षेत्र व्यापले असून महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यांत येतो. त्यांच्या खाली लामेटा थरांत डायनोसॉरांचे अवशेष आहेत. म्हणून ते क्रिटेशस कल्पाच्या अखेरचे असावेत, असे एक मत होते. थरांच्या मधल्या गाळातील वनस्पतींच्या जीवाश्मांचा अभ्यास करून बिरबल सहानी (१८९१–१९४९) यांनी १९३४ मध्ये ते तृतीय कल्पाच्या आरंभीचे असल्याचे प्रतिपादन केले. पोटॅशियम–आर्गॉन पद्धतीने काढलेली प्रारंभीची वये फार विखुरलेली आल्याने वाद मिटला नाही. १९८६ मध्ये व्हँसाँ कुर्तियो व सहकाऱ्यांनी खडकांत गोठलेल्या चुंबकत्वाकडे लक्ष वेधले. थरांच्या बहुतेक जाडीत चुंबकीय दिशा आजच्या उलट आहे आणि अशी उलट अवस्था क्रिटेशस व तृतीय या कल्पांच्या सीमेवर अल्पकाळ होती. तेव्हा बहुतेक लाव्हा १० लाख वर्षांच्या आतच बाहेर पडला असावा, असे त्यांनी दाखविले. म्हणजे कल्पांची सीमा या उद्रेकाच्या काळातूनच जाते आणि जुन्या वादातील दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते.

दरम्यान १९८० मध्ये लुईस व वॉल्टर आल्व्हारेझ आणि त्यांचे सहकारी यांनी त्या सीमेवरील पातळ मातीच्या थरात इरिडियम या विरळ धातूचे प्रमाण असाधारण असल्याचे दाखवून, मोठा अशनी आदळल्याने डायनोसॉर नष्ट झाले, हे मत मांडले. मेक्सिकोतील चिक्सुलूब येथील सु. १८० किमी. व्यासाचे पुरलेले विवर हे त्या आघाताचे स्थान होय. २०१९ मध्ये दोन संशोधकगटांनी दक्षिण ट्रॅपची अचूक वये प्रसिद्ध केली. युरेनियम–शिसे पद्धत वापरणाऱ्या गटाला आघाताच्या थोडे आधी लाव्ह्याचा एक मोठा लोंढा आल्याचे आढळले; आर्गॉन पद्धत वापरणाऱ्या गटाच्या मते लाव्ह्याचा बहुतांश भाग आघातानंतरचा आहे. उद्रेकाचा एकूण काळ १० लाख वर्षांच्या आसपास असल्याबाबत मात्र दोन्ही गटांत मतभेद नाही. विलोपातील आघाताचा वाटा मोठा होता, हे बहुसंख्य शास्त्रज्ञांना मान्य आहे. लाव्ह्याचा वाटा किती, याचा निर्णय काही हजार वर्षांच्या फरकावर येऊन ठेपला आहे. साडेसहा कोटी वर्षांच्या अंतरावरून एवढा बारीक फरक मोजण्याचा प्रयत्न होऊ शकतो, यातच या शास्त्राची प्रगती दिसते.

महत्त्व : कोळसा, खनिज तेल व धातुके विशिष्ट काळातील विशिष्ट थरांत आढळतात, त्यामुळे त्यांच्या शोधाला थरांचा क्रम माहीत असणे आवश्यक असते. बेसाल्टाच्या प्रदेशात विहिरीला पाणी लागणे हेही थरांच्या मांडणीवर अवलंबून असते. कुजलेला मुरूम, सच्छिद्र थर व भेगा यांत पाणी साठते. अखंड कठीण थरात ते साठत नाही. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे झालेल्या कोयनेच्या आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांनी द्वीपकल्पाचा भूभाग स्थिर असल्याची समजूत मोडली. किल्लारी येथे पाडलेल्या छिद्रात सु. ३३८ मी. बेसाल्टाखाली गाळाचा पातळ थर व त्याखाली प्राचीन पट्टिताश्म आढळला. भूकंपाचे मूळ अशा दडलेल्या जुन्या खडकांतील भेगांत असते. म्हणून त्यांचा इतिहास जाणून घेणे हा लोकांच्या सुरक्षिततेशी निगडित विषय आहे.

जुन्या हवामानाच्या नोंदीही अशाच उपयोगी पडतात. मेघालयातील मॉम्लू गुहेतील चुन्याच्या लवणस्तंभात सु. ४,२०० वर्षांपूर्वी पाऊसमान क्षीण झाल्याची खूण मिळते. तिच्या आधारे भूकालातील सर्वांत अलीकडच्या विभागास २०१८ मध्ये ‘मेघालयन’ हे नाव मिळाले. मानवाच्या कृतींमुळे होत असलेले बदल ध्यानात घेऊन ‘मानवयुग’ असा स्वतंत्र विभाग मानावा, हा प्रस्ताव आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२४ मध्ये अमान्य केला. बदल घडत आहेत याविषयी त्या निर्णयात शंका नव्हती. नव्या युगाची सीमा कोठे व कशी आखावी, हा मतभेदाचा मुद्दा होता. वातावरणातील कार्बन डाय-ऑक्साइड वाढल्याने तापमान व समुद्राची पातळी पूर्वी कितपत बदलली आणि जीवसृष्टी सावरण्यास किती काळ लागला, यांची उत्तरे थरांत नोंदलेली आहेत. मोठ्या विलोपांनंतर जीवसृष्टी प्रत्येक वेळी पुन्हा बहरली. तथापि तिला त्यासाठी लाखो वर्षे लागली आणि नाहीशा झालेल्या जाती परत आल्या नाहीत.